शैलाताई, कुलूप काढलंय

ताई, तू गेल्याची बातमी चुकीच्या ठिकाणी पडली.

आसावरीने तुझा मोबाइल उघडला आणि फोरमचं जे पान समोर होतं त्यावरच लिहून टाकलं, 'माझी आई शैला आज सकाळी गेली. ती इथे खूप रमायची म्हणून कळवते आहे. - आसावरी.' ते पान होतं 'कीड आणि रोग' विभागातलं, मिरचीच्या चुरडा-मुरड्याचं. वर कुणाच्या तरी आकसलेल्या पानांचा फोटो आणि त्याखाली ही बातमी. मी तेव्हा कंपनीत होतो, जेवायला बसलेलो. आणि खरं सांगतो, तुझ्याशी खोटं बोलून आता काय मिळणार आहे, मला आधी रडू नाही आलं. आधी माझा अंगठा 'हलवा'च्या बटणाकडे गेला. अकरा वर्षांची सवय. विषयाला सोडून आहे, उचला आणि दुसरीकडे टाका. अंगठा तिथे टेकला आणि मग डोक्यात शिरलं की आपण काय वाचलंय. डबा तसाच झाकून ठेवला.

तुला माहीत असलेलंच परत सांगतोय, पण सांगू दे. कुंड्यांमध्ये भाज्या नि फुलं लावणाऱ्या माणसांचा आपला हा फोरम. कुणाची गच्ची, कुणाची बाल्कनी, कुणाची नुसती खिडकी. निम्मी माणसं ठाण्यापासून बदलापूरपर्यंतची. आपण दोघं मॉडरेटर, म्हणजे बिनपगारी राखणदार. मी डोंबिवलीत मानपाड्याला रंगाच्या कारखान्यात माल तपासणारा, तू ठाण्यात कोपरीला राहणारी, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली सिस्टर. लोक लिहायला बसायचे टोमॅटोवर आणि पोचायचे सुनेच्या स्वभावावर. त्यांना वाटेवर आणणं हे आपलं काम. म्हणजे माझं. तू त्यांच्याबरोबर सुनेच्या घरापर्यंत जाऊन यायचीस.

अशा भरकटलेल्या गप्पांसाठी वेगळा विभाग असावा हे माझं म्हणणं. त्याला नाव तू दिलंस, 'बांधावर'. मी सुचवलेलं 'अवांतर'. तू म्हणालीस, "अवांतर काय रे, सरकारी फायलीसारखं. शेतात काम करायचं नि दमलं की बांधावर बसायचं. बांध पण शेताचाच असतो." मी गप्प बसलो. तुझ्यापुढे मी बऱ्याचदा गप्प बसायचो, पण पटलंय म्हणून नाही. वाद लांबला की तू चहा करायला उठायचीस आणि मग भांडायला समोर कुणी उरायचंच नाही.

पहिल्यांदा तुझ्याकडे आलेलो ते आठवतंय? मी 'मॅडम, तुम्ही' करत होतो. तू म्हणालीस, "फोरमवर ताई ताई लिहितोस ना, मग अगं म्हण. मॅडम ऐकलं की मला ड्यूटी लागल्यासारखी वाटते." दुसऱ्या मजल्यावरचं तुझं दोन खोल्यांचं घर आणि ती खिडकी. बाहेर काढलेलं लोखंडी ग्रिल आणि त्यात सतरा कुंड्या. प्रत्येक कुंडीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, ती ड्रेसिंगला वापरतात तसली, आणि त्यावर निळ्या पेनाने रोपाचं नाव नि लावल्याचा दिवस. मी म्हणालेलो, "हे काय, पेशंट आहेत का?" तू म्हणालीस, "मग कोण आहेत?"

त्या सतरातलं एक लिंबू. बाजारातल्या कागदी लिंबाची बी पेरून उगवलेलं, कमरेएवढं झालेलं, अंगभर काटे आणि फुलाचं नाव नाही. मी सांगितलं की बियांपासून केलेलं झाड कुंडीत फळायला फार वर्षं घेतं, कदाचित कधीच नाही, जागा अडवतंय, काढून टाक. तू म्हणालीस, "त्याला वेळ लागतो. वाट बघू या." दर वर्षी मी विचारायचो, "काय म्हणतं तुमचं लिंबू?" आणि दर वर्षी तू म्हणायचीस, "पानं छान आलीत." माझ्यासारख्या माणसाला हे असलं उत्तर सहन होत नाही.

तुझी एक पद्धत होती. कुणी चुकीच्या विभागात लिहिलं तर मी आधी उचलून हलवायचो आणि खाली एक ओळ टाकायचो, 'विषयाला धरून नाही, हलवलं आहे.' तू आधी त्याला उत्तर द्यायचीस. मग हलवायचीस. उत्तर चुकीच्या जागी, प्रश्न चुकीच्या जागी, सगळा सावळा गोंधळ. मी चिडलो की सांगायचीस, "ओपीडीत माणूस चुकीच्या खिडकीवर येतोच रे. घाबरलेला असतो. 'ही खिडकी नाही' असं सांगण्याआधी काय होतंय ते विचारायचं. मग पुढच्या खिडकीवर पाठवायचं. तेवढ्याने रांग मोडत नाही." मी म्हणायचो, रांग मोडते. तू म्हणायचीस, "फोरम म्हणजे तुझ्या कारखान्यातले डबे नाहीत, झाकण उघडून नापास करायला."

पेडणेकरांवरून तर आपण खरंच भांडलो. कल्याणचे पेडणेकर, बायको जाऊन महिना झालेला. त्यांनी 'माती आणि खत' विभागात विचारलं की कढीपत्त्याला पाणी किती घालायचं, ते तिलाच माहीत होतं. इथवर ठीक. तू उत्तर दिलंस. मग त्यांनी विचारलं, कढीपत्ता फोडणीत आधी घालायचा की मोहरीनंतर. आणि तू सांगत बसलीस. वरणाची फोडणी, डाळीला शिट्ट्या किती, भाताला पाणी किती, हिंग कधी. तीन पानं. लोकही आले, कुणी आमटी सांगतंय, कुणी मसाला. मी संध्याकाळी बघितलं तर माती आणि खतामध्ये भात शिजतोय. त्या दिवशी कंपनीत साहेबाशी वाजलेलं, डोकं आधीच फिरलेलं. मी ती तीन पानं हलवलीसुद्धा नाहीत. पुसून टाकली.

तुझा फोन आला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "महेश, माणूस झाडाबद्दल विचारतोय असं तुला खरंच वाटलं का?" मी म्हणालो, "त्याने झाडाच्याच विभागात विचारलं ना? मग मी झाडाबद्दलच धरणार." तू म्हणालीस, "बरं." आणि फोन ठेवलास. पंधरा दिवस आपण बोललो नाही. फोरमवर एकमेकांच्या मागे झाडलोट करत होतो, पण बोलणं नाही. मग एके सकाळी तू लिंबाचा फोटो पाठवलास, नवीन पालवीचा, खाली एक शब्द नाही. मी लिहिलं, 'फूल?' तू लिहिलंस, 'पानं छान आलीत.' झालं, मिटलं. निदान मला तसं वाटलं. मी सॉरी म्हणालो नाही, तू मागितलं नाहीस. आज वाटतं, त्या एका शब्दाने माझं काय जाणार होतं?

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलोय ते लिहितो. मघापासून टाळतोय.

तुझं शेवटचं लिखाण. तेही त्याच मिरचीच्या पानावर, बातमीच्या नऊ दिवस आधीचं. 'माझ्या खिडकीतल्या सगळ्या कुंड्या द्यायच्या आहेत. सतरा आहेत. ज्याला जे झाड हवं त्याने सांगा. प्रेमाने सांभाळणारं कुणी हवं, बाकी काही नको.' बस, एवढंच.

रोपं द्यायची-घ्यायची तर त्यासाठी 'देवाणघेवाण' विभाग आहे. आणि तिथे आलेलं लिखाण आधी कुलूपबंद करायचं, म्हणजे खाली कुणाला काही लिहिता येणार नाही, मग विकणारा कुणी घुसलेला नाही हे तपासून कुलूप काढायचं, हा नियमही माझाच. तर मी तुझं लिखाण उचललं, तिकडे टाकलं, कुलूप घातलं आणि खाली लिहिलं, 'मॉडरेटरनेच शिस्त मोडली तर लोकांना काय सांगायचं? हलवलं आहे.' वर हसरा चेहरा. फार विनोदी वाटलो स्वतःला. तू मला वेगळा मेसेज केलास, 'बरोबर केलंस.' मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. आणि कुलूप काढायचं विसरलो.

नऊ दिवस ताई. नऊ दिवस तुझ्या प्रश्नाखाली कुणाला 'हो' लिहिता आलं नाही, की 'का' विचारता आलं नाही.

कुणाला तुळशीची मंजिरी द्यायची तरी तू चार प्रश्न विचारायचीस, ऊन किती, घरात मांजर आहे का, गावाला गेल्यावर पाणी कोण घालणार. ती बाई एका ओळीत सतरा कुंड्या देऊन टाकते आणि मला त्यात फक्त चुकीचा विभाग दिसतो. नंतर मी मनाला सांगून बघितलं की मला वाटलं, कोपरीची तुमची बिल्डिंग पाडून नवीन बांधणार आहेत, घर रिकामं करायचं असेल म्हणून देत असेल. खोटं. मला काहीच वाटलं नव्हतं. पेडणेकरांच्या वेळचा तुझा तो प्रश्न तू परत विचारत होतीस, या वेळी स्वतःसाठी, आणि मी परत तसाच वागलो. पालथ्या घड्यावर पाणी.

तुला माहीत होतं. रिपोर्ट हातात होते, आणि चाळीस वर्षं लोकांचे रिपोर्ट वाचलेली तू, तुला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आसावरीला तू शपथ घातलेलीस की कुणाला सांगायचं नाही. राग येतो मला याचा. सांगितलं असतंस तर काय झालं असतं? मी आलो असतो, बसलो असतो, लिंबावरून भांडलो असतो. पण मग असंही वाटतं की तू सांगितलंस, तुझ्या पद्धतीने सांगितलंस, चुकीच्या खिडकीवर येऊन. खिडकीवर मी होतो, हे तुझं नशीब.

आणि तो फोन. तुझ्या त्या लिखाणाच्याही दोन दिवस आधीचा. इकडचं तिकडचं बोलून तू विचारलंस, "महेश, तुझ्या बाल्कनीत ऊन किती वाजेपर्यंत असतं रे?" मी म्हणालो, "चारपर्यंत. का?" तू म्हणालीस, "असंच." आणि मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "हे असले प्रश्न फोनवर कशाला, 'ऊन-सावली'त टाक ना, बाकीच्यांनाही उपयोग होईल." तू खळखळून हसलीस. थोडी धाप लागली तुला. मी म्हणालो, जिने चढलीस वाटतं. तू म्हणालीस, हो.

बातमीचं पान मी हलवलं नाही. लोकांनी त्याखाली श्रद्धांजली वाहायला सुरुवात केली. हात जोडलेले, फुलं, दिवे, दोन पानं भरली. त्याच्या मधोमध टिटवाळ्याच्या एका नवीन बाईंचा प्रश्न, 'माझ्या मिरचीची पानं मुरडली आहेत, काय करू?' वर काय लिहिलंय ते बहुधा वाचलंच नव्हतं त्यांनी. लोक धावून गेले त्यांच्या अंगावर. 'इथे काय चाललंय, तुम्ही काय विचारताय?' 'थोडं तरी भान ठेवा.' 'मॉडरेटर, कृपया हे हलवा.' आणि माझ्या लक्षात आलं, ते पान मिरचीचंच. त्या अख्ख्या पानावर विषयाला धरून बोलणारी ती एकच बाई होती, नियमाने बाकी सगळ्यांना हलवायला हवं होतं. मला पहिल्यांदा हसू आलं आणि हसता हसता मग रडू आलं, शेडच्या मागे, रंगाच्या पिंपांजवळ उभा राहून. हे फक्त तुला सांगून हसण्यासारखं होतं आणि तूच नव्हतीस.

मग मी त्यांना उत्तर दिलं. पानं उलटी करून बघा, खाली बारीक किडे असतील. फार मुरडलेले शेंडे खुडून टाका. निंबोळी तेल, चार थेंब साबण, पाण्यात घोटून उन्हं उतरल्यावर फवारा, आठ दिवसांनी परत. नाही गेलं तर फोटो टाका. हलवलं नाही, ओरडलो नाही. त्या बाईंनी लिहिलं, 'धन्यवाद. माफ करा, मी वरचं वाचलं नव्हतं. या ताई कोण होत्या?' आणि ताई, तिथून जी माणसं बोलायला लागली. जोडलेल्या हातांची चित्रं थांबली आणि माणसं बोलायला लागली. कुणाला तू मुलाच्या तापात दर दोन तासांनी मेसेज करून विचारत होतीस, कुणाचा पालकाच्या भाजीवरचा प्रश्न वाचून त्याला डॉक्टरकडे पाठवलेलंस. यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं. पेडणेकरांनी लिहिलं, 'सिस्टर, आज वरण केलं. फोडणी जळली नाही.'

त्यांनी मला वेगळा मेसेजही केला. 'तुम्ही मागे काढलेली ती तीन पानं परत मिळतील का? त्यांच्या शब्दांत होतं सगळं. मी उतरवून घेतलं नव्हतं.' मला लिहावं लागलं, नाही मिळणार. ते लिहिताना आयुष्यात पहिल्यांदा मी नियम, विषय, विभाग यातलं काही पुढे केलं नाही. लिहिलं, 'माझी चूक झाली.' त्यांनी 'असू दे' म्हटलं. तुझ्याच तालमीतले ना.

रविवारी कोपरीला गेलेलो. आसावरी होती, माजिवड्याहून रोज येते, घर आवरायचं चाललंय. मी दारातच सांगून टाकलं की कुलूप मी घातलेलं, काढायला विसरलो. वाटलं होतं, बोलेल काहीतरी. बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "माहितीये. आई रोज उघडून बघायची, कुणी काही लिहिलंय का. मी म्हणाले, त्यांना फोन करून कुलूप काढायला सांग ना. तर म्हणाली, नको, त्याचं बरोबर आहे. तो आपणहून येईल."

आपणहून आलो, पण कधी आलो.

खिडकीत सोळा कुंड्यांवर नेहमीच्याच पट्ट्या होत्या, रोपाचं नाव आणि दिवस. पाण्याचे हाल झालेले, पुदिना वाळून गेलेला, मोगरा माना टाकून बसलेला. आसावरीला झाडांतलं कळत नाही आणि तिच्या फ्लॅटला बाल्कनी काचेने बंद आहे, तिचा काय दोष. फक्त लिंबावर पट्टी नवीन होती. तुझंच अक्षर, पण जरा हललेलं. 'महेश. ऊन चारपर्यंत.'

"ही कधी लावली?" मी विचारलं. आसावरी म्हणाली, "तुम्ही कुलूप घातलंत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. उठवत नव्हतं तिला. मी कुंडी पलंगाजवळ आणून दिली."

मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, पण ते काही जमलं नाही. तिने चहा केला. ती पण तुझ्यासारखीच, समोरच्याला बोलता येईना की चहा करायला उठते.

सगळ्या कुंड्या आणल्या, टेम्पोने. शीळ रस्त्यावर ते खोदकाम चालू आहे, प्रत्येक खड्ड्याला मी मागे वळून लिंबाला धरत होतो आणि ते मला बोचत होतं. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, सोन्याचं झाड आहे का?" मी म्हणालो, "नाही हो, साधं लिंबू आहे. फळत पण नाही." पुदिना गेला, तो वाचवता आला नाही. मोगरा धरेल बहुतेक. लिंबू बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवलंय, जिथे खरोखर चारपर्यंत ऊन असतं. अजून फूल नाही. म्हणजे त्या वादात आजच्या तारखेला मीच बरोबर आहे, हे नोंदवून ठेवतो. आणि नियमांच्या बाबतीतही सगळं तुझंच खरं होतं असं मी म्हणणार नाही. नियम नसते तर आपल्या फोरमचा कधीच बाजार झाला असता. पण आधी विचारायचं आणि मग हलवायचं, एवढं मी शिकायला हवं होतं. अकरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर करत होतीस आणि मी ते ढिलेपणा म्हणून बघत राहिलो.

तुझे आभार कधी मानले नाहीत. माझ्यासारख्या खडूस माणसाबरोबर एवढी वर्षं काम केलंस, माझ्यामागे जाऊन दुखावलेल्या माणसांची समजूत काढत राहिलीस, हे मला आता कळतंय. त्यातल्या दोघांनी मला परवा सांगितलं की ते फोरम सोडून चाललेले, सिस्टरनी थांबवलं. सिस्टर म्हणालेल्या, 'तो तसा नाही, त्याला वेळ लागतो.' लिंबाबद्दलही तू हेच म्हणायचीस.

आज सुट्टी होती. सकाळी झाडांना पाणी घातलं, मग फोरम उघडला. देवाणघेवाणमध्ये गेलो. तुझं लिखाण तिथेच होतं, खाली माझी ती विनोदी ओळ आणि हसरा चेहरा. ती ओळ पुसली नाही, राहू दे, लोकांना दिसू दे. कुलूप काढलं. खाली लिहिलं, 'ताई, मला हवी आहेत. सगळी. का देते आहेस? बरं नाही का?'

मग तुझं लिखाण तिथून उचललं आणि परत मिरचीच्या पानावर नेऊन ठेवलं, तू ठेवलेलंस तिथे.

बोल ताई. विषय कुठलाही चालेल.